भांदकचा नाग आणि मेंढा गावचा मध



चातुर्मासात व्याख्यान सुटलं की उपाश्रयाच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता ज्या गप्पा होतात, त्यात एक वाक्य दरवर्षी हमखास ऐकू येतं : "अहो, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात." वाक्य गोड आहे. त्यानं वाद मिटतो आणि सूर्यास्ताच्या आत घरी पोचून चौविहार करता येतो. पण मला ते कधी पटलं नाही. घरोघरी मातीच्या चुली असतात हे खरं, म्हणून काही प्रत्येक चुलीवर एकच भाजी शिजत नाही. आपण दुसऱ्याच्या घरी गेलो की "यात कांदा-लसूण आहे का" एवढं तरी विचारतोच ना? मग दुसऱ्याचा धर्म न विचारता "एकच आहे" म्हणून कसा गिळायचा?

आपल्याला हे विचारायला काशीला जायची गरज नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली, म्हणजे जुना चांदा जिल्हा, २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होता. या जंगलपट्टीत जगाकडे बघण्याच्या इतक्या तऱ्हा शेजारी शेजारी नांदल्या आहेत की एका दिवसाच्या यात्रेत तीन-चार दिसतात. सुरुवात आपल्या भांदकपासूनच करते.

भद्रावतीला, म्हणजे भांदकला, आपण केसरियाजी पार्श्वनाथांच्या दर्शनाला जातो. बस थेट तीर्थाच्या दारात थांबते, पूजा होते, भोजनशाळेत जेवण होतं आणि आपण परत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका तीर्थाच्या पेढीवरच्या भाविकाला स्वप्नात नाग दिसला, त्यानं वाट दाखवली आणि जंगलात अर्धी पुरलेली श्यामवर्ण प्रतिमा सापडली, ही कथा आपल्याला पाठ आहे. म्हणूनच प्रभूंना 'स्वप्नदेव' म्हणतात. तिथली आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. प्रतिमा आपल्या लोकांना 'सापडण्याच्या' आधीही आसपासचे गावकरी तिला केसरियाबाबा म्हणून शेंदूर लावत होते, असं सांगतात. म्हणजे देव हरवलेला नव्हता. आपल्याला माहीत नव्हता, एवढंच.

त्याच गावात भद्रनागाचं मंदिर आहे. तिथं नाग कुणाच्या डोक्यावर नाही, कुणाच्या गळ्यात नाही. नाग स्वतःच स्वामी आहे. नागपंचमीला तिथं मोठी गर्दी होते. आणि गावाला लागूनच विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहे. एक लांब बोळ सरळ डोंगराच्या पोटात जातो, दोन बाजूंना आणखी दोन बोळ फुटतात, आणि तिन्हींच्या टोकाला बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती. पुरातत्त्व खात्याचा अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या सुमारास या भागात फिरला, त्यानं या लेण्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सातव्या शतकातला चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग ज्या कोसलाच्या राजधानीत आला, ती हीच, असाही त्याचा अंदाज होता. सगळ्या अभ्यासकांना तो मान्य नाही. पण बौद्ध, जैन आणि नागपूजक एका गावात राहिले, याला चिनी यात्रेकरूच्या साक्षीची गरज नाही. दगड समोर आहेत.

आता नागाकडेच नीट बघू. आपल्या कथेत कमठ पंचाग्नी तप करतो आहे. पार्श्वकुमार सांगतात, या जळत्या लाकडात जीव आहे. लाकूड फोडतात तर आत होरपळलेला नाग. मरता मरता त्याच्या कानावर नवकार पडतो, तो धरणेंद्र होतो आणि पुढं उपसर्गाच्या वेळी प्रभूंवर फणा धरतो. बौद्धांकडेही नाग आहे. ज्ञानप्राप्तीनंतर सात दिवस पाऊस-वारा सुरू असताना मुचलिंद नागराजानं बुद्धाभोवती वेटोळं घालून वर फणा धरला. चित्र अगदी सारखं दिसतं. लेण्यातला अंधार आणि मंदिरातला दिवा सोडला तर एखादी नवखी बाई दोन्हीकडे एकाच भावानं हात जोडेल.

पण कथा सारखी नाही. आपल्या गोष्टीचा मध्यबिंदू आहे जळणारा जीव. तप कितीही कठोर असलं तरी त्यात जीव मरत असेल तर ते तप नव्हे, हे सांगण्यासाठी तो नाग आहे. मुचलिंदाच्या गोष्टीत कुणी जळत नाही. तिथं रानातला बलाढ्य प्राणी स्वतःहून ज्ञानी माणसाच्या आश्रयाला येतो. शंकराच्या गळ्यातला नाग आणखी वेगळा, तो विष अंगावर बाळगणाऱ्या देवाचा दागिना. आणि भद्रनाग तर कुणाचा सेवकच नाही. तो जमिनीचा, पावसाचा, वारुळाचा मालक. त्याच्याकडे लोक मोक्ष मागत नाहीत, पीक मागतात, पोर मागतात, दंश होऊ नये म्हणून मागतात. माझा आपला अंदाज असा की या चारांत सर्वांत आधीचा तोच. बाकीच्यांनी त्याला आपल्या घरात घेतलं आणि प्रत्येकानं वेगळ्या कामाला लावलं. आपण तर त्याला श्रावक केलं!

नागाला मान देणं सगळ्यांना जमलं. खरी फारकत होते ती मरणापाशी.

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे. खजुराहोच्या धर्तीची शिवमंदिरं आहेत, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. वैनगंगा तिथं उत्तरेकडे वळते, म्हणून काठाला विशेष पुण्य मानतात. मुख्य मंदिराचं शिखर फार पूर्वी वीज पडून ढासळलं होतं. गाव ओळखलं जातं मार्कंडेयाच्या नावानं. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मुलगा, यमाचा फास पडताना त्यानं शिवलिंगाला मिठी मारली आणि शंकरानं यमालाच परतवलं. कुठल्याही आईला ही गोष्ट ऐकताना गळा दाटून येईल. भक्ती खरी असेल तर मरणसुद्धा मागं फिरतं, असा विश्वास तिच्यात आहे.

याच्या शेजारी आपली गोष्ट ठेवा. पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनात ती येते. महावीर प्रभूंच्या निर्वाणाच्या वेळी इंद्र विनवतो की भस्मग्रहाचा योग टळावा म्हणून फक्त क्षणभर आयुष्य वाढवा. प्रभू सांगतात, हे कुणालाच शक्य नाही. तीर्थंकरालासुद्धा नाही. आयुष्यकर्म संपलं की संपलं. इकडे देव एका मुलासाठी नियम मोडतो, तिकडे देवांचा राजा विनवतो तरी नियम हलत नाही. आणि बौद्धांची किसा गोतमी? मेलेलं बाळ घेऊन ती दारोदार फिरते. बुद्ध तिला सांगतात, जिथं कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. मोहरी सगळीकडे मिळते, तसं घर मात्र मिळत नाही. तिथं मरण टळत नाही आणि त्यामागचा हिशेबही सांगितला जात नाही. तिचं दुःख सगळ्यांच्या दुःखात मिसळतं, इतकंच.

आणि मार्कंड्याहून आणखी आत, भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोकांत माणूस गेला की त्याच्या आठवणीचा दगड उभा करतात. गेलेला माणूस कुठं स्वर्गात जात नाही, पुढच्या जन्माच्या रांगेतही लागत नाही. तो पूर्वजांत, पेनांत जाऊन मिळतो आणि गावाजवळच राहतो. गोंडीत देवाला पेन म्हणतात, सर्वांत मोठा तो पेर्सा पेन. म्हणजे आपल्याकडे मेलेल्याशी नातं तिथंच संपतं, श्राद्धसुद्धा आपण मानत नाही. त्यांच्याकडे ते नातं मेल्यावर पक्कं होतं. चार घरं, चार उत्तरं. एखाद्या बाईचं मूल गेलं असेल तर तिला या चारांतलं कुठलं सांगायचं, हे ठरवताना "सगळे एकच सांगतात" हे वाक्य काही कामाचं नाही.

आता १९५६ कडे येते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, आणि जन्मलेल्यांच्या घरी त्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चंद्रपूरला आले आणि इथंही त्यांच्या हातून फार मोठ्या जनसमुदायानं दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आजही ऑक्टोबरात गर्दी लोटते. त्या दिवसांत शहरातून जाताना पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

बुद्ध आणि महावीर दोघेही श्रमण, दोघांनी वेद प्रमाण मानला नाही, दोघांकडे जगाचा कर्ता ईश्वर नाही. म्हणून आपण पटकन म्हणतो, ते आपलेच चुलतभाऊ. पण बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ, जो त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आपल्या थेट मर्मावर बोट ठेवतो. आजचं दारिद्र्य आणि आजची हलकी जात ही मागच्या जन्माच्या कर्माची फळं, हा विचार त्यांनी नाकारला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या "तुझं नशीब" असं ऐकवलं गेलं, त्यांच्यासाठी हे नाकारणं म्हणजे पाठ सरळ करणं होतं.

आणि आपला तर पायाच कर्मसिद्धांत! मग काय, आपण चूक? मी यावर बराच विचार केला आहे आणि माझं मत स्पष्ट सांगते. आठ कर्मं, त्यांचा बंध आणि निर्जरा, हा हिशेब प्रत्येकीनं आपापल्या वहीत मांडायचा आहे. मी बी.कॉम. आहे, म्हणून त्याच भाषेत सांगते. रोजकीर्द माझी, सहीही माझी. दुसऱ्याची वही उघडून "तुझ्या खात्यावर मागची बाकी आहे, भोग आता" असं म्हणायचा अधिकार शास्त्रानं मला दिलेला नाही. उलट अनुकंपा हे सम्यक्त्वाचं लक्षण सांगितलं आहे. धुणंभांडीवाल्या बाईच्या मुलाचा ताप बघून "कर्म ज्याचं त्याचं" म्हणणारी जीभ जैन नाही, आळशी आहे. तरीही बाबासाहेबांचं उत्तर आणि आपलं उत्तर एक होत नाही. आपण पुनर्जन्म सोडू शकत नाही, आणि आत्मा नित्य आहे हेही सोडू शकत नाही. बौद्ध अनात्मवादी, आपण आत्मवादी. पंचवीसशे वर्षांत हा मुद्दा मिटला नाही, तो मीही मिटवणार नाही. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या पाठशाळेत मुलांना शिकवावा, असं मला वाटतं. आतापर्यंत मी तो तिथं ऐकलेला नाही.

आता जंगल. हा भाग लिहिताना मला जरा जपून लिहावं लागतं, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांची चूल याच जंगलानं पेटवली.

आपल्या बायकांच्या बोलण्यात आदिवासी म्हटलं की पहिली प्रतिक्रिया काय असते? "ते मांस खातात, शिकार करतात, मोहाची दारू पितात." सगळं खरं आहे. सणाला कोंबडं-बकरं कापतात, हेही खरं. ते मी झाकणार नाही आणि ते आपल्याला कधी मान्यही होणार नाही. पण त्याच लोकांत झाडाशी नातं सांगणारी कुळं आहेत. गोंडीत मरका म्हणजे आंबा, टेका म्हणजे साग. मरकाम आणि टेकाम ही आडनावं तिथूनच आली. आपल्या कुळाच्या झाडाला किंवा प्राण्याला इजा करायची नाही, असा नियम. नवा आंबा, नवं धान्य आधी पूर्वजांना आणि देवाला दाखवून पंडुम केल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आपण हिरवी भाजी आठम-चौदसला सोडतो, ते ऋतूच्या दाराशी परवानगी मागतात. कारण निराळं आहे. आपण जीवहिंसा टाळण्यासाठी सोडतो, ते रानाच्या मालकाचा मान राखण्यासाठी थांबतात. ताडोबाचंच बघा. ज्या देवाच्या नावानं ते जंगल ओळखलं जातं, तो तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला अशी आख्यायिका आहे. लोकांनी त्याचं देऊळ तळ्याकाठी बांधलं, पण वाघाला राक्षस केलं नाही.

आता आपली बाजू. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानं घडाघडा म्हणून जातो. वंदित्तु म्हणणाऱ्या म्हणतात, स्थानकवासी बहिणीही म्हणतात. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणात ती आली आहेत. कधी थांबून अर्थ बघितला आहे? इंगालकर्म म्हणजे कोळसा पाडण्यासारखे भट्टीचे धंदे. वनकर्म म्हणजे जंगल तोडून विकणं. फोडीकर्म म्हणजे जमीन फोडणं, खाणी खोदणं. लाखेचा व्यापार, हस्तिदंताचा व्यापार, रानाला आग लावणं, तळी आणि सरोवरं आटवणं. मी पहिल्यांदा ही यादी अर्थासकट वाचली तेव्हा वाटलं, कुणी चंद्रपूर जिल्ह्याचा औद्योगिक नकाशा समोर ठेवून लिहिली की काय! वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ मध्ये सुरू झाली. त्यानंतर खाणी वाढतच गेल्या. बल्लारपूरचा साग, कागदासाठी बांबू, भट्ट्या, वीज. गोंड राजांनी तळं बांधणाऱ्याला जमीन इनाम देण्याची पद्धत ठेवली होती, त्या इनामाला तुकूम म्हणत. चंद्रपुरात त्या नावाची वस्ती आजही आहे. तळी बांधली त्यांनी. शोषणाचं पाप कुणाच्या यादीत होतं? आपल्या. आणि आज त्या तळ्यांची काय दशा आहे, ते शहरात राहणाऱ्या बहिणींना मी काय सांगू?

आमच्या सासरी वनोपजाचा थोडा व्यापार होता. हिरडा, बेहडा, चारोळी, मोहफूल. लाख मात्र सासरे दुकानात येऊ देत नसत. "कर्मादान आहे" एवढंच म्हणत. मोहफूल मात्र घेत, कारण ते खाण्याचंही असतं. मी नवी सून, हिशेबाला बसले की मला प्रश्न पडायचा. घेणारा त्याची भाकरी करतो की दारू गाळतो, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. सासूबाई म्हणायच्या, "शास्त्र तुला पोत्यापर्यंत सोडतं, पुढं तुझं मन."

दारूचंही तसंच सरसकट बोलू नये. मोहाची दारू आदिवासींच्या देवाला चढते, लग्नात लागते, मयताला लागते. तिथं ती धर्माचा भाग. पण गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली तेव्हा त्या मागणीत गावोगावच्या बायका होत्या, आणि चंद्रपूरच्या बायका त्याच मागणीसाठी नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. आपण पिढ्यान्‌पिढ्या मद्याला महाविगई म्हणत आलो. त्या मोर्चात आपल्या साड्या किती होत्या, ते ज्यानं त्यानं आठवावं.

शेवटी मेंढा गावाबद्दल सांगायचं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखा गावाजवळचं म्हणून मेंढा-लेखा, हे गोंडांचं छोटंसं गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना त्यांच्या हाती आला. पुढं गावानं आपली जमीन ग्रामदानात दिली. देवाजी तोफा हे तिथले कार्यकर्ते, मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती होते. ही माहिती वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. मला त्यातली सभेची रीत महत्त्वाची वाटते. ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही. हात वर करून मोजायचे नाहीत. सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहायचं. एकाचाही विरोध उरला तर विषय पुढच्या सभेवर. निर्णयाआधी अभ्यासगटात बसून तो विषय समजून घ्यायचा.

आपण अनेकांतवादाचा किती अभिमान बाळगतो! हत्ती आणि सात आंधळे प्रत्येक पाठशाळेच्या भिंतीवर असतात. वस्तूला अनंत धर्म आहेत, माझं म्हणणं एका नयानं खरं, तुझं दुसऱ्या नयानं. हे तत्त्व आपलं आहे आणि जगात त्याला तोड नाही, असं मी मानते. पण आपल्या संघाच्या सभा आठवा. तिथीच्या वादावर किती घरं बोलेनाशी झाली? एका मंदिराच्या मालकीवरून श्वेतांबर-दिगंबर किती वर्षं कोर्टात? मेंढ्याचे लोक 'स्यात्' हा शब्द उच्चारत नाहीत. त्यांची सहमती ज्ञानमीमांसेतून आलेली नाही, गावात एकत्र राहायचं आहे या गरजेतून आली आहे. म्हणून ते अनेकांत पाळतात असं मी म्हणणार नाही, ते पुन्हा "सगळं एकच" म्हणण्यासारखं होईल. पण आपल्याकडे सूत्र आहे आणि त्यांच्याकडे सवय आहे, एवढं मात्र दिसतं.

त्याच गावाच्या एका अभ्यासगटानं मधाचा विषय घेतला होता. रानात मध काढायची जुनी रीत म्हणजे पोळ्याखाली जाळ करायचा, माश्या होरपळून मरतात, पोळं पिळून घ्यायचं. मेंढ्याच्या लोकांनी माश्या न मारता, पोळं न जाळता, फक्त मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत शिकून घेतली आणि अंगीकारली. त्याला अहिंसक मध म्हणतात. मध आपल्याला तरीही वर्ज्य आहे, महाविगईत मोडतो, आणि जाळ न लावल्यानं आपल्या दृष्टीनं तो निर्दोष होत नाही. कारण माश्यांनी पिल्लांसाठी साठवलेलं तेच आपण उचलतो. पण कमठाच्या लाकडात जळणारा जीव बघायला आपल्याला तीर्थंकर लागले होते. या लोकांनी झाडावरच्या माश्यांचा विचार आपसात बसून, बोलून केला, आणि पुढच्या हंगामात दोर, बादली आणि जाळीचे कपडे घेऊन ते पोळ्यापाशी गेले.